डाव्या खिशातले तीन टाके

"लेदरला इथं कुणी हात लावत न्हाई, साहेब. सरळ हैदराबादला जातं. मशीनवर."

आप्पा काउंटरवर उभे राहून हे सांगत होते, तेव्हा मी त्यांच्या पाठीमागं हिरव्या पडद्याच्या आड बसले होते. चार हातांवर. मांडीवर काळं लेदर जॅकेट. हातात ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं. आणि ज्यांना आप्पा सांगत होते, ते डॉक्टरसाहेब त्याच जॅकेटची चौकशी करायला आले होते.

"मग आज कुठवर आलंय?"

"निजामाबाद सोडलं म्हणे. उद्या-परवा पोचतंय."

"नाही, विचारलं आपलं. कुणाचेही हात लागलेले मला चालत नाहीत. महागाची वस्तू आहे."

"कुणाचेच लागत न्हाईत, साहेब. माझे बी न्हाईत."

दोघं हसले. माझ्या हातातलं फडकं थांबलं. कॉलरवरचा घामाचा मळ मी नुकताच काढला होता आणि फडक्यावर तो काळपट उमटला होता. त्या साहेबांच्या मानेचा मळ. माझ्या हातात. आणि माझे हात नव्हतेच.

रडले नाही. राग पण आला नाही तेव्हा. मला वाटलं, बरंच आहे. आप्पांनी जागा दिली, काम दिलं, आता पडद्याबाहेर नाव कशाला पाहिजे? ही माझी तेव्हाची अक्कल. लपवत नाही.

आप्पांचे उपकार आहेत. ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल.

मी शिरूर अनंतपाळकडची. सातवीत शाळा सुटली. आई गेली होती आणि बाला, म्हणजे माझ्या वडलांना, कामात हात लागत होता. आमची जात ढोर. कातडं कमावणं हे घरचं काम. माझ्या लहानपणी ते निम्मं-अर्धं उरलं होतं. बा बैलांच्या गळ्यातले पट्टे करायचा, चाबूक करायचा. कातडं कमवायला तरवडाची साल कुटून रांजणात भिजत घालणं माझ्याकडं. त्या वासावरून वर्गातल्या पोरी बाकावर सरकून बसायच्या. मास्तर फक्त खिडकी उघडायचे. शाळा सुटली तेव्हा मला वाईट वाटलं, पण ती खिडकी सुटली याचं बरंही वाटलं.

पुढं लग्न झालं आणि चार वर्षांत मोडलं. माहेरी परत आले. बा थकलेला. आप्पा मूळचे लातूरकडचे, बाजाराच्या दिवशी बाकडून बैलांचे पट्टे घ्यायचे, अशी ओळख. त्यांचं नांदेडात ड्रायक्लीनचं दुकान होतं. बा त्यांना म्हणाला, "पोरीला कुठं तरी लावा, आप्पा." आप्पांनी लावलं. दुकानामागं पत्र्याची खोली दिली. पहिला महिनाभर त्यांच्या घरून डबा यायचा. एकदा मी तापानं फणफणले, तर स्वतः स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं, माझ्या उशाशी दोन तास बसले. माझ्या सख्ख्या भावानं एवढं केलं नसतं.

म्हणून मी घाबरायची. जे मिळालंय ते जाईल म्हणून. आप्पांनी हाक मारली की छातीत धस्स व्हायचं. ते मला नावानं हाक मारत नसत. "ए शिरूर" म्हणायचे. मी म्हणायची, "जी, आप्पा."

सुरुवातीला मी डाग काढायच्या टेबलावर होते. हळद, शाई, पानाची पिंक. लेदरचं एखाददुसरं जॅकेट यायचं, ते तेव्हा खरंच हैदराबादला जायचं. एकदा तिकडून एक जॅकेट परत आलं ते बाहीला भेगा पडून. आप्पा डोक्याला हात लावून बसले. मी भीतभीत म्हटलं, "आप्पा, मी बघू का? तेल कमी पडलंय त्याला."

"तुला काय कळतंय?"

"आमच्या घरी..." म्हटलं आणि गप्प झाले.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "हाव की," म्हणाले. "तुमचं तर तेच."

त्या दिवसापासून लेदर माझ्याकडं आलं.

काम अवघड नाही, पण घाईचं नाही. लोक घरी काय करतात, तर बादलीत बुडवतात, धुण्याची पावडर घालतात आणि गच्चीवर उन्हात टाकतात. कातडं हे कातडं आहे, अंगावरची चड्डी नाही. आधी कोरड्या ब्रशनं धूळ काढायची. मग सौम्य साबणाचा नुसता फेस, पाणी नाही, आणि पिळलेलं फडकं. एका जागी घासायचं नाही. दुसऱ्या ओल्या फडक्यानं फेस पुसून घ्यायचा. तेलाचा डाग असला तर खडूची भुकटी टाकून दिवसभर तसंच ठेवायचं, भुकटी तेल ओढून घेते. वाळवायचं सावलीत, रुंद हँगरवर, आत कागद कोंबून. पूर्ण वाळलं की शेवटी तेल आणि मेण, दोन्ही तळहातांवर चोळून ऊब आणायची आणि मग लावायचं. तळहातानंच. त्यानं ते परत मऊ पडतं. हे मला कुणी शिकवलं नाही. बाच्या शेजारी बसून बसून हाताला कळलं.

दोन-तीन दिवसांत काम व्हायचं. पण जॅकेट गिऱ्हाइकाला आठ दिवसांनी मिळायचं. कारण ते हैदराबादला गेलेलं असायचं! तयार जॅकेट माझ्या खोलीत खिळ्याला लटकायचं आणि आप्पा फोनवर सांगायचे, "हाव साहेब, देगलूरला गाडी थांबलीय." मला कधी कधी हसू यायचं. मग आप्पा एक छापलेली चिठ्ठी टाचायला द्यायचे. 'हैदराबाद प्रोसेस'. ती टाचणारी पण मीच.

आणखी एक नियम होता. ज्या दिवशी लेदरला हात लागला, त्या दिवशी शालू, पैठणी, देवघराचे पडदे यांना हात लावायचा नाही. हात धुवायचा नळही वेगळा, मागच्या बाजूचा. आप्पा आवाज चढवून कधी बोलले नाहीत. "बायामाणसांची कापडं असतात देवाधर्माची, तूच समजून घे," एवढंच म्हणाले. मी समजून घेतलं. पण तयार जॅकेटवर प्लास्टिकचं कव्हर चढलं की ते त्याच दांडीवर शालूच्या शेजारी लटकायचं. बाहीला बाही लागून. त्या कातड्याला कुणी वेगळा नळ दाखवला नाही.

हे दिसत होतं मला रोज. पण दिसणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं.

एक गोष्ट मात्र मी गुपचूप करायची. बा तरुणपणी मोटा शिवायचा. विहिरीवरच्या, चामड्याच्या. मोट पुरी झाली की तिच्या काठाला आतल्या बाजूनं तीन उभे टाके घालायचा. नाव लिहिता येत नव्हतं, तर ते तीन टाके म्हणजे तो. पंचक्रोशीत लोक मोट विकत घेताना काठ उलटा करून टाके बघायचे म्हणे. मोट पुरी झाल्याशिवाय टाके घालायचे नाहीत, आणि दुसऱ्याच्या मोटेला कधीच नाही, हा त्याचा नेम.

मी जॅकेटच्या डाव्या आतल्या खिशात, तळाला, अस्तरावर, पांढऱ्या दोऱ्यानं तीन उभे टाके घालायची. काम पुरं झाल्यावर. कुणाला दिसणार नाहीत असे. का घालत होते, मला तेव्हा सांगता आलं नसतं. चोरी केल्यासारखं वाटायचं.

डॉक्टरसाहेबांच्या काळ्या जॅकेटलाही घातले.

पुढच्या हिवाळ्यात बा पडला. खुब्याला मार बसला. मी चार दिवसांची सुट्टी मागून गावी गेले. बा खाटेवर पडून माझे हात हातात घेऊन बघत होता. तेलानं मऊ झालेले.

"कातडं करतीस व्हय माय?"

"हाव. मोठ्या लोकांची जॅकेटं. लई महागाची असतात, बा."

"लोकांला ठावं हाय का, कोण करतंय त्ये?"

मी म्हटलं, "हैदराबादच्या नावानं जातंय."

बानं माझा हात सोडून कूस बदलली, भिंतीकडं. दुखणारा खुबा खाली आला तरी तसाच पडून राहिला. मी टाक्यांचं सांगितलं नाही. लाज वाटली. लपवून घातलेल्या टाक्यांची बढाई काय मारायची?

अहमदपूरला गाडी बदलून गुरुवारी दुपारी नांदेडला पोचले. दुकानात आप्पा स्टुलावर बसले होते. मांडीवर एक तपकिरी जॅकेट. डॉक्टरसाहेबांचंच, त्यांच्या लेकानं परदेशातून पाठवलेलं. कोकराच्या कातड्याचं. सोमवारी आलं होतं आणि शुक्रवारी संध्याकाळी पाहिजे होतं. साहेब लेकाकडं निघाले होते. आप्पांनी हो म्हणून टाकलं होतं. मी नव्हते, म्हणून त्यांनी ते सुटांबरोबर मशीनमध्ये टाकलं. पेट्रोलच्या धुलाईत. मग गरम हवेत. मग वरून इस्त्री.

मी हात लावून बघितलं. पापडासारखं वाजलं. छातीवरचा रंग उडालेला. उजवी बाही चार बोटं आखडलेली. पाठीवर इस्त्रीचं चकाकतं टोक उमटलेलं.

"ए शिरूर, आता तूच वाचव."

मी दिवस मावळेपर्यंत खटपट केली. तेल चोळलं. ते पीतच नव्हतं. आतलं सगळं तेल पेट्रोलनं ओढून नेलं होतं आणि उन्हाळी नदीसारखी भेगाळ पोकळी उरली होती. मी म्हटलं, "आप्पा, हे न्हाई होत."

आप्पा नीट समजावल्यासारखं बोलले.

"उद्या साहेब आले की म्हणायचं, मी आप्पांला न विचारता खोलीवर नेलं. घरीच धुतलं. चूक झाली. पाया पडायचं. मी चार शिव्या घालतो तुला, मनावर घेऊ नको. साहेब दोन शब्द बोलतील, विषय संपला."

"पण आप्पा, मी तर गावाला..."

"अगं, हैदराबादचं नाव गेलं तर दुकान जातंय माझं. तुझं काय जातंय?"

तुझं काय जातंय.

ते रागानं बोलले नाहीत. खरंच विचारत होते. त्यांना खरंच वाटत होतं की माझ्याकडं जाण्यासारखं काही नाही. आणि खरं सांगते, मी मान हलवली. "जी, आप्पा" म्हटलं.

सकाळी उठून ते वाक्य मी तोंडात घोळवत राहिले. "मीच धुतलं, साहेब. घरीच धुतलं." भांडी घासताना म्हटलं, वेणी घालताना म्हटलं. दवाखान्यातले ते दोन तास आठवले. वाटलं, एवढं तर देणं लागतेच मी. एक वाक्य.

साहेब चारच्या सुमाराला आले. गाडीवरून. अंगात काळं जॅकेट.

आप्पांनी तपकिरी जॅकेट काउंटरवर ठेवलं. साहेबांचा चेहरा उतरला. मग लाल झाला.

"हे काय आहे?"

"इकडं ये गं!" आप्पा ओरडले. दुकानात इतकी वर्षं झाली, गिऱ्हाइकासमोर मला पहिल्यांदाच पडद्याबाहेर बोलावलं. ते यासाठी.

"हिनं केलं, साहेब. मला न इचारता खोलीवर नेलं आणि धुतलं बादलीत. ह्यांची जातच कातड्यातली, वाटलं असंल आपल्याला येतंय. दया करून ठेवून घेतली होती. पाया पड सायबांच्या!"

साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "अशा लोकांना महागाच्या वस्तू दिसू तरी कशाला देता?"

मी वाकले. खोटं कशाला सांगू, वाकले. निम्मी वाकले होते तेव्हा साहेबांच्या काळ्या जॅकेटचा काठ माझ्या नाकासमोर आला. आणि वास आला. माझ्या तेलाचा, माझ्या मेणाचा. त्या जॅकेटची प्रत्येक घडी मला पाठ होती. डाव्या कोपरापाशी खरचटलेलं मी बोटानं रंग भरून मिटवलं होतं. ते अजून तसंच होतं. मऊ. जिवंत. वर्षभर वापरून.

माझं काय जातंय, ते माझ्या डोळ्यांसमोर एक बोट अंतरावर होतं.

मी सरळ झाले.

"साहेब, अंगातल्या जॅकेटचा डावा आतला खिसा उलटा करून बघा."

"काय?"

"तळाला पांढऱ्या दोऱ्याचे तीन टाके आहेत. उभे."

आप्पा म्हणाले, "येड लागलंय हिला."

साहेबांनी खिसा उलटा केला. बघत राहिले. मी बोलले. थांबले नाही. "ते माझे हैत. ह्याला हैदराबाद दिसलं न्हाई, साहेब. ह्या पडद्यामागं मी केलंय. काम पुरं झालं की टाके घालते. आता ह्या तपकिरीचा खिसा बघा. टाके न्हाईत. ह्याला माझा हात लागलेला न्हाई. मी चार दिवस गावाला होते. ह्याला मशीनमध्ये घातलंय."

"खोटं बोलून राहिली, साहेब!"

"मग दांडीवर आणखी पाच हैत, आप्पा. काढू का खाली?"

साहेबांनी आप्पांकडं बघितलं. मग माझ्या हातांकडं. चेहऱ्याकडं नाही, हातांकडं.

"म्हणजे इतके दिवस मी हे अंगावर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. चेन खाली ओढली, काळं जॅकेट अंगातून काढलं आणि हातावर टाकलं. अंगापासून जरा लांब धरून. बाहेर थंडी होती. मला एक शब्द बोलले नाहीत, वाईटही नाही. आप्पांना म्हणाले, "तुमच्या दोघांचं काय ते तुम्ही बघा. मला तपकिरी जॅकेट भरून पाहिजे." आणि गेले. नुसत्या शर्टावर गाडी चालवत गेले.

ते वाक्य कसं संपणार होतं, मला माहीत नाही. फसवले गेलो म्हणून चिडले असतील. का दुसरं काही. मी ते कितीदा तरी माझ्या मनानं पुरं करून बघितलंय. एकदाही चांगलं संपलं नाही.

आप्पा खाली बसले. एकदम म्हातारे दिसले. म्हणाले, "तापानं मरत होतीस, तवा कुणी नेलं दवाखान्यात?"

"तुम्ही नेलं, आप्पा. मरेपर्यंत विसरणार न्हाई. पण ते जॅकेट मी धुतलं न्हाई."

"जा मग."

त्याच दिवशी खोली सोडली. एक पेटी, एक गोधडी, मेणाचा डबा.

आता मी नांदेडातच दुसऱ्या गल्लीत एक खोली घेऊन राहते. शेजारच्या शिलाईवाल्या मावशींचे अस्तराचे टाके घालून देते, त्यावर भागतं. लेदर फार येत नाही. पावसाळ्यात बुरशी चढलेली दोन जॅकेटं आली, परवा एक बॅग. आप्पा माझ्यावर जो आळ घालत होते, तेच आता मी उघड करते. लेदर घरीच साफ करते. लोक विचारतात, "ड्रायक्लीनला दिलेलं बरं का घरी?" मी खरं ते सांगते. नुसती धूळ असली तर मला पण देऊ नका, ओलं फडकं फिरवा. रंग सुटणारं असलं तर मी हात लावत नाही, लेदरची खरी यंत्रं आहेत तिथं पाठवा. मधलं जे आहे, ते माझ्याकडं द्या. काहीजण देतात. काहीजण खोली बघतात, माझं गाव विचारतात, आडनाव विचारतात आणि "फोन करतो" म्हणून जातात.

महिन्यामागं आप्पांनी निरोप पाठवला. परत ये. झालं-गेलं विसरू. खोली तीच, पगार वाढवतो. फक्त चिठ्ठी तीच राहील, धंद्याला लागते.

मला पैशांची गरज आहे. बाचा खुबा अजून बसलेला नाही. निरोप घेऊन आलेला माणूस दारात उभा होता आणि माझ्या छातीत तसंच धस्स झालं, जसं "ए शिरूर" ऐकल्यावर व्हायचं. भीती गेलेली नाही. जाईल असं वाटतही नाही.

मी त्याला म्हटलं, "आप्पांला माझा नमस्कार सांगा. येणार न्हाई म्हणावं."

तीन टाके मी अजून घालते. पण आता खिशाच्या तळाला नाही. कॉलरखाली, जी पट्टी धरून जॅकेट खुंटीला अडकवतात, तिच्यावर. लाल दोऱ्यानं. जॅकेट हातात घेतानाच गिऱ्हाइकाला दाखवते, सांगते की हे इथं येणार, आणि हे माझं आहे. ज्याला चालत नाही, त्यानं आपलं जॅकेट उचलावं. दोघांनी उचललं आतापर्यंत. मी थांबवलं नाही.

यापुढंही थांबवणार नाही. उपाशी राहीन, पण माझ्या हातचं काम दुसऱ्या गावाच्या नावावर जाणार नाही. आणि दुसऱ्यानं जाळलेलं कातडं मी माझ्या अंगावर घेणार नाही.